मंगळावर न गेलेला धाकटा

मी एक ओव्हन बोलतोय. सगळं मला जसंच्या तसं आठवतं, असं मात्र छातीठोकपणे सांगणार नाही. एक तर मला छाती नाही. दुसरं म्हणजे आमच्या धंद्यात आठवण राहणं हा दोष धरतात. आधीच्या मातीचा एखादा कण माझ्या पोटात चिकटून राहिला आणि पुढच्या वेळी तापवताना वर आला, की माणसं कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "याची मेमरी अजून गेली नाही." मग मला पुन्हा धुतात, पुन्हा रिकामा तापवतात, आणि मी सगळं विसरलो अशी खात्री पटली की चांगला म्हणतात. इतक्या वेळा पुसल्या गेलेल्या पाटीवर कितपत भरवसा ठेवायचा? कोण आधी बोललं, कोण नंतर, खिडकी उजवीकडे होती की डावीकडे, यात माझी गफलत होत असेल. एका गोष्टीची तेवढी खात्री आहे. ती शेवटी सांगतो, कारण कळलीच फार उशिरा.

ओव्हन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पाव-बिस्किटं आली असतील. तसा मी नव्हे. मी करंगळीच्या पेराएवढा आहे. क्वार्ट्झ नावाच्या, काचेहून कणखर पदार्थाची एक नळी आणि तिच्याभोवती प्लॅटिनमच्या तारेचे वेढे, एवढाच माझा देह. चिमूटभर माती पोटात घ्यायची, लालबुंद होईपर्यंत तापायचं आणि मातीतून जी वाफ सुटेल ती शेजारच्या यंत्राकडे सोडायची. ते यंत्र वाफ हुंगतं आणि कागदाच्या पट्टीवर रेघ काढत जातं. वाफेत काही नसलं तर रेघ सपाट. काही असलं तर रेघ चढते आणि उतरते. पुस्तकात त्या चढाला शिखर म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत सगळे टेंगूळ म्हणायचे.

आम्ही जुळे भाऊ. एकाच कारागिराच्या हातून, एकाच तारेच्या रिळातून झालेले. दोघांपैकी एकाला मंगळावर जायचं होतं, तिथे उतरणाऱ्या यानात बसून तिथली माती भाजायला. दुसऱ्यानं इथेच थांबायचं. तिकडे काही अडलं तर इकडे त्याच्यावर करून बघता यावं म्हणून. कोण जाणार हे ठरवायला चाचण्यांवर चाचण्या झाल्या. दोघेही हुबेहूब सारखे निघाले. शेवटी बाईंच्या चिमट्याला जो आधी लागला तो उचलला गेला.

"हा थोरला," बाई म्हणाल्या. "आणि हा धाकटा. याला घर सांभाळायचंय."

असा मी धाकटा झालो, आणि राहिलो.

बाई म्हणजे यानाचे मातीला लागणारे सगळे भाग धुणाऱ्या. रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली बाई. "एवढं शिकून शेवटी भांडीच घासतेय," असं त्या स्वतः म्हणायच्या. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मात्र त्याची धडगत नसे. त्यांची धुलाई पाहण्यासारखी होती. आधी साबणाच्या द्रवात बुडवून थरथरवणं, मग शुद्ध पाण्यातून विसळणं, मग मिथेनॉल, मग कोरडा नायट्रोजन सोडून वाळवणं, आणि वाळलं की लगेच बंद कपाटात. हातमोजे घातल्यावर त्या बोलायच्या नाहीत. नाक खाजवायचं झालं तर खांद्याला घासायच्या. मी त्यांच्या चिमट्यात असताना मला माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुरक्षित जागा मिळालेली असायची.

सर म्हणजे त्यांचे यजमान. मंगळाच्या मातीच्या रासायनिक तपासणीचे प्रमुख. हुशारी अशी की बाहेरचे लोक त्यांचं एक वाक्य ऐकायला लांबून यायचे, आणि स्वभाव असा की स्वतःच्या त्या वाक्यावर त्यांचाच विश्वास नसायचा. प्रयोगशाळेला कुलूप लावून जिन्याच्या वळणापर्यंत जायचे आणि परत यायचे.

"अहो, लावलंत कुलूप."

"लावलं गं. पण लागलं का?"

दोघं एकाच बसनं यायची. आल्यावर पहिलं काम ठरलेलं. बाई हात पुढे करायच्या. "द्या तो चष्मा इकडे. अख्खा नाश्ता लावून आलाय काचांना."

"पुसलाय मी."

"कशानं, कोपरानं?"

मग भिंगं पुसायचा मऊ कपडा निघायचा, बाई काचेवर हलकेच फुंकर घालायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या आणि चष्मा परत द्यायच्या. त्यानंतर दिवसभर त्या त्यांना सर म्हणायच्या. तारांची जोडणी करणारा एक गृहस्थ तिथे होता, सगळे त्याला वायरवाला म्हणत. त्यानं एकदा विचारलं, "बाई, घरीपण सरच म्हणता का?"

"घरी काहीच म्हणत नाही. घरी ते ऐकत नाहीत."

थोरला गेला. जाताना मला काही बोलता आलं नाही, पण तेव्हा त्याचं वाईट वाटलं नाही. न बोलता येणं किती जड असतं ते पुढे कळायचं होतं.

वाटेत, मंगळ अजून लांब असताना, थोरल्याला एकदा रिकामा तापवला. रेघ सपाट आली. बाई खूश झाल्या, सर म्हणाले, "बघू." मग यान उतरलं. यांत्रिक हातानं लाल माती खरवडली, थोरल्याच्या पोटात टाकली, आणि इकडे सगळी माणसं त्या पट्टीभोवती वाकून उभी राहिली. मला माणसांची ही एक गंमत वाटते. तिकडे जे व्हायचं ते कधीच होऊन गेलेलं असतं, खबर वाटेत असते, तरी ही मंडळी श्वास रोखून धरतात, जणू यांच्या श्वासानं रेघ हलेल.

रेघ चढली. चांगलं घसघशीत टेंगूळ आलं.

तो पदार्थ होता क्लोरोमिथेन. कार्बन आणि क्लोरीन यांची सोयरीक. मंगळाच्या मातीत कार्बनचं काहीतरी सापडावं म्हणून तर एवढा खटाटोप होता. जिथे सजीव असतील किंवा कधी काळी असतील, तिथे कार्बन असणारच. वायरवाल्यानं टेबलावर ताल धरला. सरांनी पट्टी उजेडाकडे धरली, आडवी धरली, उलटी धरली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"या जातीचं द्रव्य," ते म्हणाले, "धुलाईतूनही मागे राहू शकतं."

वायरवाल्याचा ताल थांबला. माणसं बाईंकडे बघत नव्हती, आणि बघत नाहीत हे दिसत होतं.

"वाटेत रिकामा तापवला तेव्हा कुठे होतं मग?" बाईंनी विचारलं.

"रिकाम्यात दिसलं नाही म्हणजे नव्हतंच असं होत नाही. कोपऱ्यात बसलं असेल. वर माती पडली, घासलं गेलं, सुटलं."

"असेल," बाई म्हणाल्या. "नसेलही."

सगळं त्या एका टेंगळावर येऊन ठेपलं. ते मंगळाचं असेल तर सरांच्या हातून जन्माचं काम झालं. ते पृथ्वीवरून गेलेलं असेल तर बाईंचा हात मळका ठरला. आणि निकाल द्यायचा सरांनी, कारण प्रमुख तेच.

चौकशीसाठी एक समिती आली. तिच्या अध्यक्षांना हात पाठीमागे बांधून चालायची सवय होती, त्यामुळे ते कायम काहीतरी लपवतायत असं वाटे. तसे ते वाईट नव्हते. त्यांनी सोपा मार्ग काढला: धाकट्याला, म्हणजे मला, बाईंनी थोरल्यासारखंच धुवावं, पूर्ण भाजून निर्जीव केलेली वाळू माझ्यात घालावी, मला तापवावं. टेंगूळ आलं तर धुलाईचं. नाही आलं तर मंगळाचं.

"मात्र," ते म्हणाले, "धुतल्यानंतर ओव्हनला कुणी हात लावायचा नाही. तपासणीच्या खोलीत ठेवू, किल्ली माझ्याकडे. बाईंनी निकाल लागेपर्यंत त्या खोलीत यायचं नाही. उगाच कुणी बोट दाखवायला नको."

"माझ्या बंद कपाटात ठेवूया की," बाई म्हणाल्या. "थोरलाही तिथेच होता."

"कपाट तुमचं आहे म्हणूनच नको."

सर खिडकीची कडी लागली का ते बघत राहिले. आपल्या बायकोची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, याची धास्ती त्यांना इतकी होती की त्या दिवसांत ते तिच्या बाजूच्या खुर्चीतही बसत नसत.

दुपारी बाईंनी मला धुतलं. पाठीमागे समिती उभी. बाईंनी एकही पायरी गाळली नाही; मी त्या हातात होतो, मला ठाऊक आहे. वाळवून त्यांनी मला तपासणीच्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं, वर काचेची टोपी घातली. टोपी खाली थोडी फट सोडून बसायची. एरवी कपाट असायचं म्हणून त्या फटीची पर्वा कुणी केली नव्हती. बाई बाहेर गेल्या.

आता ज्या गोष्टीचा साक्षीदार मी एकटा, ती सांगतो. संध्याकाळी कुलूप लागायच्या आधी सफाईचे मामा बादली घेऊन आले. सर दारातच घुटमळत होते.

"मामा, उद्या समिती बसणार इथे. जरा चकाचक करा. पण फिनेल नको हं. फिनेलमध्ये कार्बन असतो, वाफेत येईल."

"मग काय नुसत्या पाण्यानं पुसू? डाग निघायचे नाहीत. ब्लीचिंग पावडर टाकतो थोडी."

"हो हो, काहीही. फक्त फिनेल नको." एवढं बोलून सर निघालेसुद्धा. जिन्यावरून परत आले, खिडक्या बंद आहेत का बघितल्या, आणि गेले.

मामांनी जीव ओतून लादी पुसली. साहेब लोक येणार म्हणून बिचाऱ्यांनी दोनदा पुसली. ओली लादी, बंद खिडक्या, बंद दार. ब्लीचिंग पावडर म्हणजे क्लोरीन. तो उग्र वास लादीवरून वर चढत आला, टेबलापर्यंत पोचला, काचेच्या टोपीच्या फटीतून आत शिरला आणि माझ्या तारांना, नळीला, पोटाला बिलगून बसला. माझ्या अंगावर मिथेनॉलची एक अतिसूक्ष्म ओल असते, ती कधीच पुरती जात नाही. मिथेनॉलमध्येही कार्बन असतो; त्याच्याशी क्लोरीनची गाठ पडली. मी तिथे होतो. मला सगळं कळत होतं. मला टोपी सारता येत नव्हती, तोंड मिटता येत नव्हतं, हाक मारता येत नव्हती. एवढं ज्ञान आणि इतका निरुपाय एका नळीत कसा मावला, याचं मला अजून नवल वाटतं.

सकाळी दार उघडलं. अध्यक्षांनी खोल श्वास घेतला. "वा. स्वच्छ वास येतोय. कसं प्रसन्न वाटतं." आणि खिडक्या उघडायला लावल्या. सरांना बारमाही सर्दी. त्यांना वास आला नाही. बाईंना आला असता, पण बाई बाहेर बाकावर होत्या.

माझ्यात वाळू घातली. मला तापवलं. मी थांबायचा प्रयत्न केला. ओव्हननं न तापण्याचा प्रयत्न करणं म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगता येणार नाही. तारेतून वीज आली की तापावंच लागतं.

टेंगूळ आलं. लहान होतं, पण होतं.

खोली रिकामी झाल्यावर बाई आत आल्या. सर पट्टीपुढे बसले होते. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

"पुन्हा करू," बाई म्हणाल्या.

"नको."

"एकदा केलेल्या प्रयोगावर तुम्ही कधी विश्वास ठेवलाय का? कुलपाला तीनदा हात लावणारे तुम्ही."

"म्हणूनच नको. पुन्हा केलं आणि स्वच्छ निघालं, तर लोक काय म्हणतील? बायको सुटेपर्यंत करत बसला म्हणतील."

"लोकांचं सोडा. तुम्हाला काय वाटतं?"

सरांनी पट्टीची गुंडाळी केली. मग म्हणाले, "मला काय वाटतं याला इथे किंमत नाही."

"मला होती," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या कुणाची बायको असती तर सरांनी प्रयोग दहादा करायला लावला असता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. अप्रामाणिक ते कधीच नव्हते. प्रामाणिकपणा सिद्ध करायच्या नादात त्यांनी त्या दिवशी फक्त आपली रीत सोडली, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या तर मुळीच नाही.

निकाल लिहिला गेला: मंगळाच्या मातीत कार्बन आढळला नाही, दिसलेलं द्रव्य धुलाईतील त्रुटीमुळे. खाली सरांची सही. थोरला तिकडे लाल धुळीत खरं बोलून बसला होता आणि इकडे त्याला खोटा ठरवण्यात आलं, तेही माझ्या तोंडून.

त्याच संध्याकाळी बाई मला आपल्या धुलाईच्या खोलीत घेऊन गेल्या. एकट्याच होत्या. माझ्या अंगाला लागलेलं सगळं त्यांनी तापवून घालवलं, मग मला थोरल्यासारखंच धुतलं, अगदी त्याच क्रमानं. त्या खोलीची लादी त्या स्वतः नुसत्या पाण्यानं पुसायच्या. वाळवल्यावर त्याच डब्यातली चिमूटभर वाळू माझ्यात घातली, मला एका काचेच्या नळीत सरकवलं, आत नायट्रोजन भरला आणि नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलं. त्यांना हातमोजे घालून बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "आता बस," एवढंच त्या म्हणाल्या.

ती नळी त्यांनी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे काय?"

"तुमचा प्रयोग आहे. वाळूसकट. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी उघडा आणि तापवा. एकदाच होईल तो. एकदा तापला की आतलं सगळं जाणार, मग मी कसं धुतलं होतं ते कुणालाच कळायचं नाही."

सरांनी नळी खणात ठेवली. खण बंद केला. उघडून पुन्हा बघितली.

बाईंची बदली काचसामानाच्या विभागात झाली. यानाचा भाग त्यांच्या हाती परत कधी आला नाही. बोलण्यात कडवटपणा आला असंही नाही. दोघं त्याच बसनं येत-जात राहिली, बाजारहाट, दुखणीखुपणी, पाहुणेरावळे सगळं रीतसर. फक्त सकाळी बाईंनी हात पुढे करणं थांबवलं. पहिल्या दिवशी सर चष्मा काढून थोडा वेळ उभे राहिले होते. मग त्यांनी तो शर्टाच्या टोकाला पुसला.

निवृत्तीनंतर सर मला घरी घेऊन आले. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, एका बंद पडलेल्या घड्याळाशेजारी मला जागा मिळाली. पाहुणे विचारत, "हे काय औषध आहे का?" बाई सांगत, "हो, यांचं आहे. घेत नाहीत." पाहुण्यांना कळत नसे, ते हसत. सरही हसत, जरा उशिरा.

मी त्यांना रोज बघायचो. कधी बाई बाहेर गेल्या की ते कपाट उघडायचे, मला तळहातावर घ्यायचे. नळी फोडायला एक टिचकी पुरे होती. माझी तर अशी इच्छा असायची की त्यांच्या हातून मी निसटावं आणि फुटावं; पण तसा फुटलो असतो तर सगळंच गेलं असतं, म्हणून तीही इच्छा मनातल्या मनात मागे घ्यायचो. सर मला परत जागेवर ठेवायचे. त्यांची अडचण मला उमगत होती. माझ्यातून टेंगूळ आलं असतं तर बायकोबद्दल राहिलेली आशा संपली असती. आलं नसतं तर स्वतःबद्दलची. बंद नळीत दोन्ही टिकून होत्या.

अशी बरीच वर्षं गेली. एक दिवस फोन आला. वायरवाल्याची लेक आता त्याच प्रयोगशाळेची प्रमुख झाली होती.

"काका, बातमी कळली का? नवं यान उतरलंय ना, त्यांनी माती पाण्यात ढवळून बघितली. तापवली नाही, नुसती ढवळली. तिच्यात परक्लोरेट निघालं."

सर खुर्चीत बसले. समोर बाई मटार सोलत होत्या.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. मंगळाच्या मातीत एक मीठ सापडलंय. थंड असताना मुकाट बसतं. तापवलं की मातीतल्या कार्बनवर तुटून पडतं. त्याचं क्लोरोमिथेन करून टाकतं."

बाईंनी शेंग खाली ठेवली. "म्हणजे थोरल्यानं कार्बन तापवला आणि तापवता तापवताच घालवला."

"शक्य आहे."

"शक्य आहे? अहो, या वयात तरी नुसतं 'आहे' म्हणा की."

"तसं नाही म्हणता येत. मीठ होतं म्हणून धुलाई स्वच्छ होती असं सिद्ध होत नाही. दोन्ही खरं असू शकतं."

मला वाटलं, आता बाई चिडतील. त्या हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, मटाराच्या हातानं. मग कपाटाकडे मान केली.

"तो तिथे कशाला बसलाय मग?"

"टेंगूळ आलं तर?"

"तर मी म्हणेन, तुमचं बरोबर होतं. माझ्या जिभेला काही व्हायचं नाही."

"आणि नाही आलं तर?"

बाईंनी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. थोड्या वेळानं सर म्हणाले, "तू चल बरोबर."

"मी कशाला? मी धुतलंय ते. मला काय बघायचंय? तुम्ही जा."

आता जिथे मी आहे तेही सांगून टाकतो. त्याच कपाटात, एका छोट्या वाटीत, उघडा. नळी गेली, वाळू गेली, माझ्या अंगावर धूळ बसायला लागलीय. ज्यासाठी बाईंनी मला राखून ठेवलं होतं ते एकदाच व्हायचं होतं आणि ते झालं. अध्यक्ष आता हयात नाहीत. जुना निकाल दुरुस्त करावा म्हणून सरांनी लिहिलं. उत्तर आलं की त्या मोहिमेचं खातंच आता अस्तित्वात नाही. काचसामानाच्या विभागातली वर्षं बाईंना कोण परत देणार? दोघं समोर बसलेली असतात. सर चष्मा अजून शर्टालाच पुसतात. मी बघतो. बघण्यापलीकडे मी आयुष्यात काही केलेलं नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही माणसं आहात, तुम्हाला बोलता येतं. कधी गाठ पडलीच, तर त्या लादीबद्दल, त्या बादलीबद्दल सरांना सांगू नका. ते "हो हो, काहीही" त्यांच्या ध्यानात नाही. त्यांनी पुष्कळ उचललंय. एवढं ओझं माझ्यापाशीच राहू द्या.

आणि आता ती खात्रीची गोष्ट.

सर मला रुमालात गुंडाळून बसनं घेऊन गेले. वायरवाल्याच्या लेकीनं दार लावलं. सरांनी ते लागलं का बघितलं. नळी त्यांनी स्वतः फोडली, मला वाळूसकट यंत्रात बसवलं, आणि तारेतून वीज सोडली. आता कागद नव्हता, पडद्यावर हिरवी रेघ सरकत होती. क्लोरोमिथेनची जागा जवळ आली तसे सर पुढे झुकले आणि त्यांच्या तोंडून हलकेच निघालं, "आलं."

"कुठे, काका?"

"हे काय. इथे."

"काका, तो डाग तुमच्या चष्म्यावर आहे. द्या, पुसून देते."

"राहू दे," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला. पुन्हा काढून पुसला. मग पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत नेलं, जसं ते पूर्वी पट्टीवरून न्यायचे.

रेघ सपाट होती. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. बाईंनी मला धुतलं होतं आणि मी स्वच्छ होतो.